जर्मनीतील उच्च शिक्षण

जर्मनीत शिक्षण हा १६ घटकराज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, त्यामुळे प्रवेशाचे नियम आणि शुल्क राज्यागणिक बदलतात. बहुसंख्य विद्यार्थी सार्वजनिक संस्थांत शिकतात. संशोधनावर उभी असलेली विद्यापीठे आणि उद्योगांशी जोडलेली, प्रात्यक्षिकावर भर देणारी ‘फाखहोखशूल’ हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. कला व संगीताच्या संस्था वेगळ्या.

‘आबिटुर’ ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला अनेक अभ्यासक्रमांत थेट नाव नोंदवता येते. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तिथे ‘नुमेरुस क्लाउझुस’, म्हणजे मर्यादित जागांवर गुणवत्तेनुसार प्रवेश, लागू होतो. त्यासोबत दिला जाणारा आकडा ही आधी जाहीर केलेली गुणमर्यादा आहे असा गैरसमज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात शेवटचा प्रवेश कोणत्या गुणांवर झाला, एवढेच तो आकडा सांगतो आणि दर वर्षी तो बदलतो. वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक व औषधनिर्माण यांचे प्रवेश देशपातळीवर होतात.

परदेशी शालेय प्रमाणपत्र आबिटुरच्या तोडीचे मानले गेले नाही, तर साधारण वर्षभर ‘श्टुडिएनकोलेग’मध्ये तयारी करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. भारतातील नुसती बारावी सहसा पुरत नाही. शिवाय भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) लागते. बॅचलरचे शिक्षण मुख्यतः जर्मनमध्ये चालते. इंग्रजी अभ्यासक्रम मास्टरच्या पातळीवर जास्त.

सार्वजनिक विद्यापीठांत पहिल्या पदवीसाठी सहसा शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेंबर्ग हा ठळक अपवाद: तिथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. मात्र ‘फुकट शिक्षण’ हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. खरा खर्च घरभाडे, आरोग्यविमा आणि जेवणखाणाचा असतो. व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यासाठीच्या गोठवलेल्या खात्यातील (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) रक्कम ११,९०४ युरो आहे.

युरोपीय देशांच्या पदव्यांची रचना सारखी करणाऱ्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर बॅचलर-मास्टर रचना रुजली. वैद्यक आणि कायद्यात मात्र सरकारी देखरेखीखालील ‘राज्य परीक्षा’ टिकून आहे. गुणांचा आकडा जितका लहान तितका चांगला: १.० हा सर्वोत्तम, तर उत्तीर्ण होण्यासाठी ४.० किंवा त्याहून लहान आकडा लागतो. प्रवेशापेक्षा कसोटी लागते ती आत गेल्यावर. अनेक व्याख्यानांना हजेरी घेतली जात नाही, अभ्यासाचे वेळापत्रक विद्यार्थ्यालाच आखावे लागते. सक्तीच्या विषयाची परीक्षा देण्याच्या संधी मोजक्या, बहुधा तीन असतात. शेवटच्या संधीतही अपयश आले तर नोंदणी रद्द होते, आणि तोच अभ्यासक्रम साधारणतः दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही पुन्हा घेता येत नाही.