गळाची काठी : तयार घ्यावी की मापाने बांधून घ्यावी?

प्रकाशा येथे तापी आणि गोमाईच्या संगमाजवळ सकाळी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या हातातली काठी पाहिली, तर ती बहुधा सातपुड्यातून उतरलेल्या मानवेल बांबूची असते. काठी कापताना त्याने आपली उंची, काठावरून पाण्यापर्यंतचे अंतर आणि कोणता मासा धरायचा आहे, हे सारे मनात मोजलेले असते. पेरांची जाडी पाहून, टोक दोन बोटांत वाकवून, मगच त्याने ती निवडलेली असते. आज ज्याला 'कस्टम रॉड' म्हणून मोठी किंमत पडते, ती कल्पना आपल्या नदीकाठी अशा रूपात आधीपासूनच आहे. म्हणूनच जळगाव-धुळ्याचा एखादा हौशी तरुण 'दुकानातली तयार काठी घेऊ की बांधून घेऊ' असे विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर किमतीत शोधण्याआधी काठी वाकते कशी, हे समजून घ्यावे असे मला वाटते.

एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला भार घेणारी कोणतीही दांडी एकाच नियमाने वाकते. तिची लांबी 10 टक्क्यांनी वाढवली, तर तेवढ्याच भाराने टोक सुमारे 33 टक्के अधिक झुकते, कारण झुकाव लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडीचा परिणाम त्याहून तीव्र आहे. व्यास 10 टक्क्यांनी वाढला की ताठपणा जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. भरीव दांडीचा गाभा निम्म्या व्यासापर्यंत कोरून काढला, तर पंचवीस टक्के वजन कमी होते, पण ताठपणा जेमतेम सहा टक्क्यांनी घटतो. वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थराला सोसावा लागतो आणि मधला भाग जवळपास आयता बसून असतो. बांबूने हे गणित स्वतःच सोडवले आहे. त्याचे मजबूत तंतू सालीकडे दाट आणि आत विरळ असतात. कारखान्यातली पोकळ काठी याच तत्त्वावर बनते.

या नुसत्या पोकळ काठीला, म्हणजे तंगूस (गळाची दोरी) ओवायच्या कड्या, मूठ आणि रिळाची बैठक बसवण्यापूर्वीच्या नळीला, बांधणारे 'ब्लँक' म्हणतात. राळेत भिजवलेले कार्बन किंवा काचतंतूचे कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून फीत घट्ट आवळतात, भट्टीत तापवून राळ पक्की करतात आणि मग सळई ओढून काढतात. कार्बन तंतूचा ताठपणा साधारण 230 गिगापास्कल, तर काचतंतूचा 72 च्या आसपास असतो. शिवाय कार्बन काचतंतूपेक्षा हलका असतो. त्यामुळे कार्बनची काठी बारीक, हलकी आणि चपळ होते, काचतंतूची जाड आणि जड होते, पण आपटणे व ठोकर सोसण्यात ती सरस ठरते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मापाने काठी बांधून देणारे बहुतेक कारागीर ब्लँक स्वतः बनवत नाहीत. तो कारखान्यातूनच येतो. म्हणजे 'बांधून घेतलेली काठी अधिक मजबूत असते' ही समजूत सरसकट खरी नाही. फरक पडतो तो कड्या, मूठ आणि जोडणी यांत.

कड्यांचे उदाहरण घ्या. सर्वत्र सारख्या जाडीच्या दांडीत टोकाच्या हालचालीपुरता तिच्या एकूण वजनाचा सुमारे चौथा हिस्साच जाणवतो. म्हणून टोकावर ठेवलेला 1 ग्रॅम हा दांडीभर सारख्या पसरलेल्या 4 ग्रॅमहून थोडा जास्तच भारी पडतो. प्रत्यक्ष काठी टोकाकडे निमुळती असल्याने हा परिणाम आणखी वाढतो. टोकाकडच्या कड्या जड असतील, तर फेक संपल्यावर काठी बराच वेळ थरथरत राहते, तंगूस कड्यांना घासतो आणि आमिष जवळच पडते. स्वस्त तयार काठ्यांत कड्या कमी आणि जड असतात, हे मी हातात घेऊन पाहिलेल्या अनेक काठ्यांबाबत खरे ठरले आहे. चांगला कारागीर काठी भाराखाली वाकवून, तंगूस वाकाच्या रेषेने जातो की कुठे काठीला टेकतो, ते पाहून कड्यांच्या जागा ठरवतो. बांधून घेतलेल्या काठीसाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर ते या कामासाठी मोजावेत.

कापडाची कड जिथे दुहेरी पडते, तिथे ब्लँकची एक बाजू किंचित ताठ असते आणि तिला 'स्पाइन' म्हणतात. या स्पाइनवर कडी बसवली नाही तर काठी हातात फिरते, असे आग्रहाने सांगितले जाते. यात तथ्य थोडे आहे. कड्या काठीच्या वर असतील, तर तंगुसाची ओढ काठीच्या अक्षाच्या वरून लागते आणि ती काठीला खाली लोळवू पाहते. स्पाइन कुठेही असो, हे घडतेच. कड्या खाली असलेल्या काठीत तीच ओढ काठीला स्थिर ठेवते. म्हणून केवळ स्पाइनच्या नावाने कोणी जादा दर सांगत असेल, तर मी तो देणार नाही.

मुठीच्या लांबीबद्दल मात्र हट्ट धरावा. मासा 1 किलोच्या भाराने ओढत आहे आणि पुढच्या हातापासून तंगुसाचे आडवे अंतर दीड मीटर आहे, असे समजा. मागचा हात पुढच्या हातापासून 25 सेंटीमीटरवर असेल, तर त्याला 6 किलोचा जोर द्यावा लागतो. 35 सेंटीमीटरवर असेल, तर सव्वाचार किलोच्या आसपास. ही काठी माशासाठी तरफ असते, आपल्यासाठी नाही. ज्याचा हात लांब, खांदे रुंद, त्याला दुकानातली आखूड मूठ तासाभरात दमवते. उलट ठेंगण्या माणसाला लांब मूठ कोपरात अडकते. कारखाना सरासरी माणसाचे माप धरतो, कारागीर तुमचे.

आता पाणी. तापी आणि पूर्णेचा संगम जिथे हतनूर धरणाच्या जलाशयाला मिळतो, तिथल्या मोकळ्या, गढूळ पाण्यात रोहू आणि कटला धरायचे असतील, तर मुठीपर्यंत सावकाश वाकणारी मऊ काठी हवी, कारण या माशांचे ओठ मऊ असतात आणि ताठ काठीच्या झटक्याने गळ फाटून निघतो. पाणवनस्पतींच्या गचपणात दडलेला मरळ मात्र वेगळा. त्याचे तोंड हाडाळ असते आणि त्याला लगेच वर ओढला नाही, तर तो वेलींत गुंततो. त्यासाठी आखूड, ताठ, टोकापाशीच वाकणारी काठी लागते. एकच काठी दोन्ही कामे नीट करत नाही, आणि 'सर्व कामांसाठी' असे लिहिलेली तयार काठी तर यांपैकी एकही काम मनासारखे करत नाही.

काठीचा ताठपणा घरीही मोजता येतो. मूठ टेबलाला आडवी घट्ट बांधावी, टोकाच्या कडीला दोरीने रिकामी प्लास्टिकची बाटली लटकवावी आणि मापाच्या पेल्याने त्यात पाणी ओतत जावे. 1 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 ग्रॅम. टोक काठीच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतके खाली आले की थांबावे आणि पाण्याच्या वजनात बाटलीचे वजन मिळवून तो आकडा लिहून ठेवावा. अमेरिकेत विल्यम हॅनमन यांनी सेंटची नाणी वापरून अशीच पद्धत रूढ केली. दुकानातल्या काठीवर 'मध्यम' किंवा 'जड' असे लिहिलेले असते. एका कंपनीचे मध्यम हे दुसऱ्या कंपनीचे जड असू शकते, पण बाटलीतले ग्रॅम सर्वांना सारखेच लागू होतात. याच वेळी काठी कुठे वाकते आहे, हेही बाजूने फोटो काढून पाहावे.

खानदेशचा उन्हाळा हा यातला एक स्वतंत्र घटक आहे. भट्टीत तापवलेली राळ आपल्या 45 अंशांना दाद देत नाही. पण कड्या बांधलेल्या दोऱ्यावरचा इपॉक्सीचा लेप बहुधा नुसत्या खोलीतल्या तापमानाला जमवलेला असतो आणि तो 50-60 अंशांच्या सुमारास मऊ पडू लागतो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात एवढे तापमान सहज गाठले जाते. माझ्या एका काठीवर सुताच्या पिशवीची वीण अशीच उमटून कायमची राहिली, आणि दोन कड्या बोटाने हलू लागल्या. कारागिराला कोणता लेप लावणार आणि तो कशाने पक्का करणार, हे विचारायला संकोच करू नये. कार्बन विजेचा वाहक आहे, हेही येथेच लक्षात ठेवले पाहिजे. कालव्यांच्या आणि शेतपंपांच्या कडेने विजेच्या तारा खाली झोळलेल्या असतात; त्यांच्याखाली चार मीटरची कार्बन काठी उभी धरून चालणे जिवावर बेतू शकते. अशा ठिकाणी काठी सुटी करूनच न्यावी.

माझे मत असे की पहिली काठी तयारच घ्यावी, मध्यम किमतीची, शक्यतो काचतंतू आणि कार्बन यांच्या मिश्रणाची. तुटली तर तशीच दुसरी मिळते. एक हंगाम तिच्याने गळ टाकून पाहावा आणि वहीत लिहावे : कोणता मासा किती वेळा निसटला, हात कुठे दुखला, आमिष कुठवर गेले, बाटलीचा आकडा किती आला. ही वही घेऊन कारागिराकडे गेल्यास, 'मूठ आठ सेंटीमीटर जास्त लांब, टोकाच्या कड्या हलक्या, आकडा या काठीपेक्षा तीस ग्रॅम कमी' असे नेमके सांगता येते.