वळू गोठ्याबाहेर कसा गेला: पार्श्वभूमी

घरच्याच माणसांनी राखलेल्या गोठ्यात वाद होतात ते बहुधा तीन गोष्टींवरून. कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, कुठल्या वळूची वापरायची, कोणती कालवड ठेवायची आणि कोणती विकायची, आणि तीनदा उलटलेल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहिलेल्या, गाईला आणखी किती महिने बसून खाऊ घालायचं. तिन्ही वादांचं मूळ एकच आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या किंवा शेजारच्या दावणीला असणारा वळू तिथून उठला आणि कुठल्या तरी दूरच्या नायट्रोजनच्या टाकीत जाऊन बसला.

गाय माणसाळली ती सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी, टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या वरच्या खोऱ्यात. वशिंडाची गाय त्यानंतर, सिंधूच्या खोऱ्याकडे. तिथून अठराव्या शतकापर्यंतचा काळ इथे गाळला तरी फारसं अडत नाही. निवड तेव्हाही होत होती, पण ती डोळ्यांवर आणि आठवणीवर. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही पैदासकारांनी जवळच्या नात्यातल्या जनावरांची पैदास करून ठरावीक ठेवणीचे कळप उभे केले आणि नर हंगामापुरते भाड्याने द्यायला सुरुवात केली. १८२२मध्ये शॉर्टहॉर्न या इंग्लिश जातीच्या गाईंची वंशावळ छापून निघाली आणि ‘शुद्ध जात’ या शब्दाला वजन आलं. बाप कोण, आजा कोण हे त्यात होतं. दुधाचा हिशेब हा त्या वहीचा विषयच नव्हता.

तो हिशेब आला १८९०नंतर. त्या वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये दुधात गंधकाम्ल घालून, नळी यंत्रात फिरवून फॅट मोजायची सोपी रीत निघाली. १८९५मध्ये डेन्मार्कमधल्या शेतकऱ्यांनी मिळून एक पगारी माणूस नेमला. तो गोठ्यागोठ्याने फिरायचा, प्रत्येक गाईचं दूध वजन करायचा, फॅट काढायचा, चारा-खुराक लिहून घ्यायचा. घरातली लाडकी गाय आणि कागदावरची चांगली गाय एकच असेल असं नाही, हे त्या वह्यांनी उघडं केलं. कोणती गाय काढायची यावरून घरात होणारी आजची भांडणं मी तरी तेव्हापासूनची धरतो.

पण गाय मोजता आली तरी वळू मोजता येत नव्हता, आणि वळूच गोठ्याचा अर्धा वंश. शिवाय पाच-सात गाईंसाठी एक वळू वर्षभर पोसायचा म्हणजे एका दुभत्या गाईचा चारा त्याच्या पोटात. दुधाळ जातीचे वळू अंगावर येतात ते वेगळंच. शेजाऱ्याचा आणला तर त्याच्यामागून गर्भपात घडवणारे लैंगिक आजार यायचे. ट्रायकोमोनास या परजीवीचा रोगी वळू वरून धडधाकट दिसतो आणि गावच्या गाई मात्र एकामागून एक उलटत राहतात.

कृत्रिम रेतनाचे, म्हणजे वळूचं वीर्य काढून माणसाच्या हाताने गाईत सोडण्याचे, मोठे प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात झाले. कौटुंबिक गोठ्यांच्या दृष्टीने खरी तारीख १९३६ची. डेन्मार्कच्या साम्सो बेटावर शेतकऱ्यांनी स्वतःची रेतन सहकारी संस्था काढली. पहिल्या वर्षी २२० गोठे आणि १,०७० गाई. म्हणजे गोठ्यामागे पाच गाईही नाहीत. ५९ टक्के गाई गाभण राहिल्या, वळूने भरवल्यावर राहायच्या त्याहून किंचित जास्तच. कृत्रिम रेतन ही मोठ्या भांडवलवाल्यांची सोय म्हणून आली असं अनेकदा लिहिलं जातं. या आकड्यांवरून तरी तसं दिसत नाही. ज्याला वळू पोसणं परवडत नव्हतं त्यालाच ती आधी हवी होती.

अडचण होती वीर्य टिकवण्याची. १९४०च्या सुमारास अंड्याचा बलक घातलेलं द्रावण निघालं. त्यात थंड ठेवलेलं वीर्य तीनेक दिवस चालायचं. गोठवलं की मरायचं. १९४९मध्ये इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेत कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत असताना एका बाटलीने अचानक काम केलं. तपासलं तर तिच्यात साखर नव्हतीच. लेबलांची अदलाबदल होऊन ग्लिसरॉलची बाटली हाती आली होती. दोनच वर्षांनी गोठवलेल्या वीर्यापासून पहिलं वासरू जन्मलं. पुढे सुक्या बर्फाऐवजी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आला आणि वळू मेल्यावरही वर्षानुवर्षं बाप होऊ लागला.

इथून एका शब्दाचा गुंता सुरू होतो: ‘सिद्ध वळू’. ऐकताना वाटतं, उत्तम वळू, खोट नसलेला. मूळ अर्थ तेवढा मोठा नाही. वळू दूध देत नाही, म्हणून त्याच्या मुलींचं दूध मोजायचं. मुली पुरेशा झाल्या आणि त्यांच्या नोंदी पुरेशा जमल्या, की वळूबद्दल विधान करता येतं. ते विधान वाईटही असू शकतं. ज्याच्या मुली कमी दूध देतात असं पक्कं ठरलं, तोही सिद्धच झाला. जाहिरातीत मात्र ‘सिद्ध’ म्हणजे ‘भारी’, आणि घरोघरी तोच अर्थ रुळला.

सिद्ध करायचं कसं, यावरही बराच काळ एकमत नव्हतं. आधी मुलीची तुलना तिच्या आईशी करायचे. आईचं दूध दहा लिटर, मुलीचं बारा, म्हणून वळू चांगला. पण आईच्या वेळी दुष्काळ असेल, मुलीच्या वेळी खुराक वाढला असेल, तर श्रेय फुकटचं वळूला. १९५०च्या दशकात त्याच गोठ्यातल्या, त्याच हंगामात व्यालेल्या, दुसऱ्या बापाच्या गाईंशी तुलना करायची पद्धत ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि मग पसरली. माझ्या मते गोठवण्याच्या शोधाइतकीच ही सुधारणा मोठी, पण तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

आता यातला वेळ मोजा. वळू वर्षाचा झाला, वीर्य घेतलं, वाटलं. नऊ महिन्यांनी कालवडी जन्मल्या. त्या दोनेक वर्षांनी व्यायल्या, मग ३०५ दिवसांचं वेत मोजलं. निकाल हाती येईतो वळू पाच वर्षांच्या पुढे. तोपर्यंत त्याच्या चाचणीचा भार कुणाच्या तरी गाईंनी उचललेला असतो. वीस गाई असलेल्या घराने सगळ्या गाईंना एकच न तपासलेला वळू लावला आणि तो फसला, तर तीन वर्षांनी कालवडींची अख्खी फळी फसलेली निघते. म्हणून जाणते लोक चार-पाच वळूंच्या कांड्या वाटून वापरतात. ते घाबरटपणाचं लक्षण समजणारे सल्लागार भेटतात. गोठा त्यांचा नसतो.

सिद्ध वळू मोजके, मागणी सगळ्यांची, त्यामुळे नाती अरुंद झाली. उत्तर अमेरिकेतल्या होल्स्टिन या दुधाळ जातीच्या वळूंचा पितृवंश जवळपास सगळा १८८०च्या सुमारास जन्मलेल्या दोनच वळूंपर्यंत जातो, असं २०१५च्या एका अभ्यासात दिसलं. त्याच जातीत १९६२मध्ये जन्मलेल्या एका वळूला १६ हजार मुली झाल्या. दुधाला तो खरोखरच थोर. पण त्याच्या एका जनुकात बिघाड होता. तो आई आणि बाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरायचा. हा बिघाड २०१०नंतर उघडकीला आला. तोपर्यंत जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा अंदाज आहे. गोठ्यातल्या माणसाला त्यातलं काय दिसलं? गाय उलटली, एवढंच. मग दोष रेतन करणाऱ्याच्या हाताला, चाऱ्याला, नाहीतर माज हुकवला म्हणून घरातल्या पोराला.

माज हुकतो हेही खरं. वळू असताना ते काम त्याचं होतं. आता ते घरातल्यांच्या डोळ्यांवर आलं. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि पक्का माज म्हणजे दुसरी गाय पाठीवर चढली तरी ती हलत नाही, ही अवस्था काही तासांचीच. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम १९४०च्या दशकातल्या अमेरिकी प्रयोगांतून आला आणि अजून चालतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईत ही वेळ आणखी आखूड होते. ती रात्री अडीचला दहा मिनिटं उभी राहते, सकाळी शेपटीला वाळलेली सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, तेवढी दिसते. कांडी कोमट पाण्यात, ३५ ते ३७ अंशांवर, अर्धा-पाऊण मिनिट धरून पातळ करायची. घाईत नुसती खिशात ठेवून भागवलेली कांडीही गाईच्या नावावर उलटल्याची नोंद करते.

दुधामागे लागल्याने गाभण राहण्याची क्षमता घसरली, हे कळूनही निवडीच्या सूत्रात ती उशिरा आली. नॉर्वेने १९७०च्या दशकातच आरोग्य आणि प्रजनन धरलं. अमेरिकेत मुलींच्या गाभण राहण्याचं मूल्यांकन २००३मध्ये आलं. मधली पंचवीस-तीस वर्षं फुकट घालवली, असंच मला वाटतं.

२००९मध्ये गाईचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनुकीय मूल्यांकन अधिकृत झालं. वासराच्या कानाचा तुकडा किंवा केस पाठवले की अंदाज मिळतो, पाच वर्षं थांबायला नको. असा वळू ‘सिद्ध’ नसतो, मुली अजून जन्मायच्या असतात. तरी विकताना शब्दाची सरमिसळ होतेच. लिंगनिश्चित कांडीने, म्हणजे कालवडीच व्हाव्यात म्हणून वीर्य निवडून भरलेल्या कांडीने, दहांत नऊ कालवडी मिळू लागल्या. आधी कालवडी पुरत नव्हत्या, आता काही घरांत सगळ्या पोसायच्या की काय हा प्रश्न. म्हणून निवडक गाईंना लिंगनिश्चित कांडी आणि उरलेल्यांना मांसाच्या जातीची, अशी वाटणी अनेक देशांत रूढ झाली आहे.

आणि एवढं होऊनही पुष्कळ कौटुंबिक गोठ्यांत मागच्या आवारात एक वळू असतो. दोन-तीन कांड्यांनी न राहिलेल्या गाई त्याच्याकडे सोडतात. गाय राहते, पण नेमकी कधी राहिली ते वहीत येत नाही, आणि भाकडकाळ, म्हणजे व्यायच्या आधी दूध काढणं थांबवायचा काळ, कुठल्या तारखेला सुरू करायचा ते पोटाकडे बघून ठरवावं लागतं.