बोटीच्या पोटातलं पाणी

ओखी चक्रीवादळ आठवतं? 2017च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ते लक्षद्वीपला झोडपून गेलं आणि केरळ-तमिळनाडूच्या कित्येक बोटी आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. तेव्हापासून एक समज सारखा कानावर येतो: बोट जड असली की वादळात टिकते. हा समज अपुरा आहे. जडपणा कुठे आहे आणि तो हलतो का, हे आधी बघायला हवं.

घरीच करून बघा. परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि ती उचलून चाला. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. आता तेच पाणी वाट्यांमध्ये ओतून वाट्या परातीत ठेवा. वजन कमी झालेलं नाही, तरी परात हातात राहते.

बोटीत हेच घडतं. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद जागेत लाटेचं फक्त 10 सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते सहाशे किलोच्या वर भरतं. बोट 10 अंश कलली की या पाण्याचा गुरुत्वमध्य सुमारे अर्धा मीटर सरकतो. म्हणजे साठ किलोची दहा माणसं एकदम कललेल्या बाजूला सरकली! बोटीला सरळ करणारं बल तिथेच खचतं. याला मुक्त पृष्ठभागाचा परिणाम म्हणतात. लहान कोनांसाठी तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मधोमध बोटीच्या लांबीच्या दिशेने भिंत घातली की प्रत्येक कप्प्यात तो एक अष्टमांश, दोन्ही मिळून एक चतुर्थांश उरतो. दोन भिंती घालून तीन कप्पे केले तर एक नवमांश. एका फळीची ही करामत मला दरवेळी थक्क करते.

लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या बोटी म्हणूनच मला विशेष वाटतात. तिथे ट्यूना गळाने धरतात. आमिषाला जिवंत छोटे मासे लागतात, त्यामुळे बोटीत पाण्याची टाकी असतेच, म्हणजे पाणी मुद्दाम वाहून न्यायचं. अशी टाकी झाकणापर्यंत भरलेली असेल तर पाण्याला धावायला जागाच नसते. घात अर्धवट भरलेल्या टाकीने होतो. टाकी अरुंद ठेवणं, तिच्यात पडदे घालणं आणि डेकवरचं पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही अशी झडपेची भोकं ठेवणं, हा खरा वादळाचा बंदोबस्त.

समुद्राला नारळ वाहण्यामागची कृतज्ञता मला कळते, पण नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बांधलेली लिंबू-मिरची कप्पा कोरडा ठेवत नाही. ‘वादळरोधक’ अशी जाहिरात करणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. चक्रीवादळात सुरक्षित अशी लहान बोट नसते. इशारा मिळताच किनारा गाठायचा, हाच पहिला नियम.

पण वादळाने समुद्रातच गाठलं तर? लाकूड पाण्यापेक्षा हलकं असतं. फायबर मात्र जड, त्यात इंजिन. पाणी भरलं की फायबरची बोट सरळ तळाला जाते. म्हणून बाकांखाली आणि नाळेत पाणी न शिरणारा बंद फोम भरतात. एक घनमीटर फोम जवळपास एक टन भार पेलतो. बोट काठोकाठ भरली तरी काठ पाण्यावर राहतो, खलाशांना धरायला आधार मिळतो, आणि वरून शोधणाऱ्या विमानाला पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा ती बोट कितीतरी लवकर दिसते.