नंबर वनला काढलं कोणी?

२०२२ पासूनच्या नवीन स्टार ट्रेक मालिकेत नंबर वन आणि नर्स चॅपल दोघींना भरपूर काम आहे, त्यामुळे नवीन बघणाऱ्यांना वाटतं ही पात्रं आत्ताच कोणीतरी लिहिली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका बघितलेल्यांनाही चॅपल आठवते ती टोकदार कानांच्या परग्रहवासी स्पॉकसाठी सूप घेऊन येणारी एवढीच. पण या दोघी आल्यात एकाच भांडणातून, आणि दोघी मुळात एकाच अभिनेत्रीच्या.

पहिला पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुना भाग, १९६४ च्या शेवटी शूट झाला. त्यात अवकाशजहाजावर दोन नंबरची अधिकारी बाई, थंड डोक्याची, पुरुषांसारखीच पँट घालणारी, आणि तिला नाव नाही, नुसतं पद. चॅनेलने पायलट नाकारला, फार डोकं लावावं लागतं म्हणून, पण पैसे देऊन दुसरा करायला सांगितला, जे तेव्हा सहसा होत नसे. दुसऱ्यात नंबर वन गायब, तिची जागा आणि तिचा तो थंडपणा दोन्ही स्पॉकला. तिच्या अभिनेत्रीला पुढे मालिकेत नर्स चॅपलचं काम मिळालं.

आता काढलं कोणी? निर्माता जन्मभर सांगत राहिला की चॅनेलला ती बाईही नको होती आणि तो टोकदार कानवालाही नको होता, दोघांतला एकच वाचवता येत होता, मग कानवाल्याला ठेवलं आणि बाईशी लग्न केलं. चाहत्यांच्या मेळाव्यात हशा पिकायचा. चाचणीच्या शोमध्ये बायकांनाच ती आगाऊ वाटली, असंही तो सांगायचा. पण १९९६ मध्ये त्याच्याच दोन जुन्या सहकाऱ्यांनी पुस्तक लिहिलं, त्यात सगळं उलटं. चॅनेलला मालिकेत बायका हव्याच होत्या, आक्षेप होता तो एवढी मोठी भूमिका निर्मात्याच्या मैत्रिणीला देण्यावर, आणि तो तेव्हा विवाहित होता. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण पहिलीत निर्माता फारच सोयीस्करपणे हिरो होतो. पण समजा अडचण फक्त त्या अभिनेत्रीची होती, तर दुसरी कोणी घेऊन नंबर वन ठेवता आली असती ना? ती ठेवली नाहीच. याचं उत्तर दोन्ही बाजू देत नाहीत.

दुसऱ्या पायलटमध्ये योमन स्मिथ आहे, कॅप्टन तिला जोन्स म्हणून हाक मारतो आणि ती म्हणते, स्मिथ, सर. बस, जवळजवळ एवढीच ती. योमन म्हणजे अमेरिकन नौदलातला कारकून, पहिल्या महायुद्धात १९१७ पासून ११ हजारांच्या आसपास बायका या पदावर भरती झाल्या होत्या, म्हणजे शब्द काही गंमत म्हणून घेतलेला नव्हता. पडद्यावर मात्र पुढे मालिकेत आलेल्या योमन रँडच्या वाट्याला सहीसाठी पाटी पुढे करणं आणि कॉफी आणणं, एकदा वीज गेली तर तिने फेझरने, म्हणजे किरणांच्या बंदुकीने, कॉफी गरम केली, तेवढाच काय तो तिचा पराक्रम. मिनीस्कर्टही मालिका सुरू झाल्यावरच आले, दोन्ही पायलटमध्ये पँटच होत्या. रँडची अभिनेत्री म्हणायची आयडिया माझीच होती, तेव्हा आम्हाला त्यात मोकळं वाटायचं, त्यामुळे यावर सरळ शिक्का मारता येत नाही.

रँड आठच भागांत दिसली. बजेट, आणि कॅप्टनला दर आठवड्याला नवीन प्रेमप्रकरण करता यावं, ही दिलेली कारणं. १९९८ च्या आत्मचरित्रात रँडच्या अभिनेत्रीने एका बड्या माणसाने केलेल्या अत्याचाराबद्दल लिहिलं, ते वाचल्यावर ही कारणं पोकळ वाटायला लागतात.

१९६९ च्या जूनमधल्या मूळ मालिकेच्या शेवटच्या भागात कॅप्टनची जुनी प्रेयसी जॅनिस लेस्टर त्याला म्हणते, तुमच्या कॅप्टनांच्या जगात बायकांना जागा नाही. चाहते यावर अजून भांडतात, ती बाई वेडी होती की खरंच नियम होता? १९८६ च्या सिनेमात एका जहाजाची कॅप्टन बाईच दिसली, पण १९६९ चं ते वाक्य काही कोणी पुसलं नाही. मधे १९७९ च्या सिनेमात मुंबईच्या एका पारशी अभिनेत्रीने डोकं भादरून लेफ्टनंट इलिया केली, ते पात्र मूळ एका रद्द झालेल्या मालिकेसाठी लिहिलेलं. त्याच सिनेमात चॅपल डॉक्टर झाली आणि रँड ट्रान्सपोर्टरवर, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रावर.

नंबर वनला ऊना हे नाव मिळालं ते आधी कादंबऱ्यांत, मग पडद्यावर, पन्नासेक वर्षांनी. आणि जिला काढलं त्या अभिनेत्रीने जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज दिला, मूळ मालिकेपासून थेट २००९ च्या सिनेमापर्यंत. तो सिनेमा लागायच्या काही महिने आधी, २००८ च्या डिसेंबरमध्ये, ती गेली.