पंचवीस, बावन्न आणि ट्रंकेतली डिस्क

गणपतीत मालवणातलं आमचं घर भरून जातं. यंदा मुंबईहून आलेल्या भाच्याने एक्सबॉक्स सिरीज एक्स, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मायक्रोसॉफ्टचं यंत्र, आणला होता. मी माळ्यावरच्या ट्रंकेतून त्याच घराण्यातल्या जुन्या यंत्राची, एक्सबॉक्स ३६०ची, माझी गेमची डिस्क काढून दिली. पावसाळ्याने तिच्यावर बुरशीचे ठिपके उठले होते. काकांनी सवयीने फुंकर मारली, डिस्क आत गेली, आणि पडद्यावर सूचना आली की गेम डाउनलोड करावा लागेल. काका म्हणाले, "डिस्क घातली मा, मगे हेका नेट कित्याक व्हया?"

आधी फुंकरीबद्दल. ती कार्ट्रिजच्या, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीच्या, काळातली समजूत आहे. कार्ट्रिज काढून पुन्हा बसवलं की धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या आणि गेम सुरू व्हायचा. श्रेय जायचं फुंकरीला. तोंडच्या ओलाव्याने उलट त्या पट्ट्या गंजतात, आणि आपली हवा तर आधीच खारी. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नाही.

काकांचा प्रश्न मात्र लाखमोलाचा होता. यंत्र नवं आणि जास्त ताकदीचं, मग जुना गेम चालायलाच हवा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण अडचण ताकदीची नाही, भाषेची आहे. २००५ च्या ३६०मध्ये पॉवरपीसी जातीची चिप होती, ३.२ गिगाहर्ट्झची. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये एक्स८६ जातीची चिप आली, वेग १.७५ गिगाहर्ट्झ. नुसत्या गिगाहर्ट्झवर यंत्राची पारख करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. सिरीज एक्सची चिपही एक्स८६च. डिस्कवरचे आदेश पॉवरपीसीच्या भाषेतले, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्याला एम्युलेटर म्हणतात.

या दुभाष्याच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आकड्यांचा आहे. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, पण लिहिताना २ आधी. म्हणूनच पहिली-दुसरीतली पोरं ऐकून ५२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद पेटला होता! चिपांमध्ये नेमका हाच मतभेद आहे. मोठा आकडा चार बाइटांत, म्हणजे स्मृतीच्या चार छोट्या घरांत, साठवतात. पॉवरपीसीवरचा ३६० सर्वांत मोठ्या स्थानाचा बाइट आधी ठेवतो, एक्स८६ सर्वांत लहान स्थानाचा. बंदुकीत २५ गोळ्या असतील तर ३६०च्या स्मृतीत ०, ०, ०, २५ असं लिहिलेलं असतं. एक्स८६ने तेच बाइट आपल्या रीतीने वाचले, तर गोळ्या होतात ४१,९४,३०,४००!

मग सगळी डिस्क आधीच उलटी करून का ठेवत नाहीत? कारण कुठले बाइट मिळून एक आकडा होतो, हे बाइटांकडे बघून कळत नाही. काही आकडे चार बाइटांचे, काही दोन, आणि इंग्रजी मजकुराचं प्रत्येक अक्षर एकेका बाइटाचं. ती अक्षरं चार-चारच्या गटाने उलटली तर नावांचा चुराडा होईल. 'इथून चार बाइट उचल' हा आदेश समोर आला की तेव्हाच कळतं. त्यामुळे उलटापालट दर वेळी, उचलतानाच करावी लागते. एक्स८६च्या नव्या चिपांत त्यासाठी खास आदेशच आहे: उचलता उचलता उलटव.

शिवाय पॉवरपीसीकडे हाताशी आकडे ठेवायला ३२ साधे कप्पे, तर नव्या चिपेकडे १६. चित्रांचे आदेश वेगळे, त्यांचंही भाषांतर आलंच.

एवढं काम जमवून, पारखून घेतलेली गेमची प्रत एम्युलेटरसह नेटवरून उतरते. डिस्क फक्त तुमच्या मालकीचा पुरावा, म्हणून खेळताना ती आत असावी लागते. सोनीने २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३मध्ये वेगळी वाट धरली होती. त्यांनी प्लेस्टेशन २च्या चिपाच आत बसवल्या. दुभाष्याऐवजी मूळ वक्ताच घरात! पण ते महाग पडतं, आणि पुढच्या मॉडेलांतून त्या चिपा गेल्या.

एक्सबॉक्सवर अशा चालणाऱ्या जुन्या गेमांची यादी नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटची वाढली. तांत्रिक अडचणी होत्याच, हक्कांच्या परवानग्याही आड आल्या. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमचा गेम त्या यादीत होता. रात्रभर रेंज येत-जात राहिली, पण सकाळी आरतीआधी तो उतरला. ट्रंकेतल्या आणखी दोन डिस्क यादीत नाहीत. त्यांच्यासाठी जुना ३६० मी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवला आहे.