भारतातील शहरे आणि सिझेरियन प्रसूतीचे प्रमाण

पोट आणि गर्भाशय छेदून बाळ बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया म्हणजे सिझेरियन. बोलण्यात नुसते ‘सिझर’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात २००५-०६ मध्ये ८.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. २०१९-२१ च्या आकड्यांत शहरी भाग ३२.३ टक्क्यांवर, ग्रामीण १७.६ टक्क्यांवर. महाराष्ट्र २५.४, गोवा ३९.५.

एवढे पाहून सिझर हे शहरी खूळ ठरवणे सोपे आहे. पण नुसत्या खासगी रुग्णालयांचे आकडे घेतले, तर शहरात ४९.३ आणि खेड्यात ४६ टक्के, फरक जेमतेम. सरकारी रुग्णालयांत मात्र हेच आकडे २२.७ आणि ११.९. शहराचा आकडा फुगतो त्यात तिथल्या खासगी प्रसूतिगृहांचा वाटा मोठा आहे. 

लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात, त्यामुळे वेळ आधी ठरलेली बरी पडते. कळा रात्रभर चालू शकतात. सिझर तासाभरात उरकते आणि बिलही मोठे होते. ‘पाणी कमी झालंय’, ‘नाळ मानेभोवती आहे’ असे ऐकल्यावर घरचे लोक सहीचा कागद वाचत बसत नाहीत. काही कुटुंबे तर पंचांग बघून मुहूर्तच घेऊन येतात. पहिले सिझर झाले की दुसऱ्या खेपेलाही बहुधा तेच होते, कारण जुन्या टाक्यांवर कळा देऊन पाहायच्या तर शस्त्रक्रियागृह आणि रक्त चोवीस तास तयार लागते.

केवळ पैशाकडे बोट दाखवणाऱ्यांची तेलंगणात अडचण होते. तिथे २०१९-२१ मध्ये एकूण प्रमाण ६०.७ टक्के, खासगीत ८१.५, पण सरकारी रुग्णालयांतही ४४.५. सरकारी रुग्णालयात खासगीसारखे सिझरचे बिल होत नाही. सिझर कमी व्हावेत म्हणून त्या राज्याने परिचारिकांना प्रसूतीचे खास प्रशिक्षण देऊन सरकारी प्रसूतिकक्षांत नेमायला सुरुवात केली.

सिझरच्या प्रमाणाला १०-१५ टक्क्यांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये सुचवली होती. दर १० टक्क्यांपलीकडे गेल्यावर माता आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, पण ठरावीक टक्का गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येकीला सिझर मिळावे, असे २०१५ मध्ये संघटनेने म्हटले. उलट टोकाला नागालँड: तिथे २०१९-२१ मध्ये सिझरचे प्रमाण अवघे ५.२ टक्के होते.