'मेहरांगीर' का वाचला नाही? वादाची पार्श्वभूमी

मलबार हिलवरचा अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला पाडला गेला 2016 मध्ये. तरी 'सरकारला एक घर सांभाळता आलं नाही' हा सूर अजून अधूनमधून ऐकू येतो. संताप रास्त आहे, रोख मात्र थोडा चुकतो.

बंगला कुटुंबाचा, नावही आईवडिलांच्या नावांची सांधेजोड. भाभा अविवाहित होते. 1966 च्या विमान अपघातात ते गेल्यावर घर धाकटे भाऊ जमशेद यांच्याकडे राहिलं. जमशेद यांनी नरिमन पॉइंटच्या 'एनसीपीए' या कलाकेंद्रासाठी हयात खर्ची घातली आणि 2007 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा बंगला त्याच केंद्राला गेला. खरी गोम इथे आहे. घर शास्त्रज्ञाचं म्हणून ओळखलं जाई, पण सातबाऱ्याच्या भाषेत बोलायचं तर विज्ञानाशी संबंधित एकाही संस्थेचं नाव त्यावर नव्हतं.

जून 2014 मध्ये कलाकेंद्राने बंगल्याचा लिलाव केला, बोली 372 कोटींवर थांबली. अणुसंशोधन केंद्रातले काही कर्मचारी आधीच उच्च न्यायालयात गेले होते; लिलावाला स्थगिती मिळाली नाही. मागणी होती राष्ट्रीय स्मारकाची. आता 1958 चा केंद्र सरकारचा स्मारक कायदा पाहा: वास्तू किमान शंभर वर्षं जुनी हवी. हा बंगला त्यात बसतच नव्हता. शहराची 1995 ची वारसा नियमावली तेवढी कडक नाही. मरीन ड्राइव्हच्या, तीस-चाळीसच्या दशकांतल्या इमारतींना तिने संरक्षण दिलंच आहे. बंगल्याचं नाव त्या नियमावलीच्या वारसा यादीत वेळेवर घालणं हाच सोपा मार्ग होता, आणि तो लिलावाच्या कितीतरी आधी चोखाळायला हवा होता. लिलावाचा हातोडा पडायची वेळ आल्यावर उरला तो भूसंपादनाचा रस्ता, म्हणजे मलबार हिलच्या भावाने पैसे मोजणं.

यादीत नाव म्हणजे संग्रहालयच, असंही नाही. प्रिन्स्टनमधलं आइन्स्टाइनचं घर 1976 पासून अमेरिकेची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे; त्याचं संग्रहालय करू नका ही त्याचीच इच्छा, म्हणून ते आजही खासगी निवासस्थानच आहे. मुंबईत चर्चा झाली ती 'स्मारक की विक्री' एवढीच. मधला पर्याय, म्हणजे विका पण पाडायला बंदी घाला, फारसा कुणी रेटला नाही.

कलाकेंद्राला खलनायक ठरवणंही पटत नाही. विक्रीचा पैसा जमशेद यांनीच उभारलेल्या संस्थेकडे गेला, हे टीकाकार सोयीस्करपणे गाळतात.